साथीदाराचा चष्मा

आवडत्या गायकाला किंवा वादकाला मुद्दाम भेटायला जाण्यात एक मोठी अडचण असते. मैफल संपल्यावर रंगपटात गर्दी उसळलेली असते, कलावंत दमलेला आणि भुकेला असतो, आणि आपल्याजवळ ‘फार छान झाले’ यापलीकडे सांगण्यासारखे काहीही नसते. तेही बिचारे हात जोडतात आणि दोघेही एकदाचे सुटतात. म्हणूनच मी ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या बाल्कनीतून उठून थेट घर गाठणारा श्रोता आहे. मात्र आपण आपल्या कामात असताना असा माणूस अवचित समोर आला आणि त्याचेच आपल्याकडे काही काम निघाले, तर त्या भेटीला वेगळीच चव येते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

माझे नौपाड्यात चष्म्याचे दुकान आहे. ठाण्यात गाण्यातला माणूस दिसणे ही काही नवलाई नव्हे. पं. राम मराठे इथलेच झाले, त्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते, आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून घासाघीस करणारा गृहस्थ रात्री मंचावर तबला जुळवताना दिसतो, असा अनुभव अनेकांना असेल. तरीही कार्डावर लिहिण्यासाठी समोरच्या गिऱ्हाइकाने आपले नाव सांगितले, तेव्हा माझे पेन थबकले. ज्यांची हार्मोनियमची साथ मी वर्षानुवर्षे ऐकत आलो, ते हेच होते. नाव इथे लिहीत नाही; कोणाच्या डोळ्यांचा नंबर काय, हा त्याचा खासगी मामला आहे.

ओळखले कसे नाही, याचे मला नंतर नवल वाटले नाही. साथीदाराकडे आपण बघतोच कुठे? गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी या वाद्याला एकट्याने मैफल जिंकायला शिकवले, आकाशवाणीने 1940 साली त्यावर घातलेली बंदी 1971 मध्ये सैल झाली, अप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर यांच्यासारख्यांची नावे घराघरांत पोहोचली. तरी आपली नजर असते ती मधोमध बसलेल्या गवयावर. त्याच्या डाव्या हाताला बसलेला पेटीवादक आपल्याला दिसतो तो बहुधा एका बाजूने, मान गवयाकडे वळवलेला.

त्यांची तक्रार याच वळलेल्या मानेची होती. चाळिशी लागून बरीच वर्षे झाली होती आणि कोणीतरी त्यांना प्रोग्रेसिव्ह चष्मा करून दिला होता. या काचेत वर लांबचा नंबर असतो, खाली वाचनाचा, आणि या दोहोंना जोडणारा एक चिंचोळा पट्टा असतो; त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना मात्र दृश्य पुसट होते. कचेरीत काम करणाऱ्याला मान फिरवायची सवय लावून घेता येते. यांची मान मात्र वाजवताना आधीच वळलेली, आणि तिथून पुढे नजर सरकली की गवयाचा चेहरा नेमका त्या पुसट भागात जायचा.

“पेटीच्या पट्ट्या दिसल्या नाहीत तरी चालतील हो,” ते म्हणाले, “पण गाणाऱ्याचे तोंड दिसले पाहिजे. श्वास कुठे घेतला, जबडा कधी उघडला, हे कळले नाही तर मी मागे पडतो.”

इतकी वर्षे मी समजत होतो की साथ कानाने होते. रंगपटात जाऊन मी हजार प्रश्न विचारले असते, तरी हा मुद्दा निघाला नसता.

आता प्रश्न होता अंतराचा. वाचनाचा नंबर आम्ही साधारण 40 सेंटिमीटरवर काढतो, लांबचा सहा मीटरवर; गवई बसतो या दोन्हींच्या अधेमध्ये. मी त्यांना, संकोचतच, जमिनीवर मांडी घालून बसायची विनंती केली. सतरंजी नव्हती, म्हणून फ्रेमचा एक खोका उलगडून अंथरला. दुकानातल्या पोऱ्याला गवयाच्या जागी बसवले. तोंड कुठे करावे हे त्याला कळेना, तेव्हा त्यांनीच हाताने त्याचा खांदा सरळ केला. मी टेप धरली. दोघांमध्ये चार फुटांहून थोडे अधिक अंतर भरले.

नंबर तपासायच्या ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत असताना माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. पेटी नव्हती, तरी डावा हात हवेत भाता मारत होता, अगदी सावकाश, आणि उजव्या हाताची बोटे खोक्याच्या पुठ्ठ्यावर चालत होती. मधले बोट एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन थांबत होते. तो षड्ज, म्हणजे सा, असावा. पोऱ्या हसू दाबत होता. राग कोणता, हे विचारायचे मी टाळले, कारण त्या क्षणी मला नंबर काढायचा होता, आणि खरे सांगायचे तर माझ्या भक्तिभावाला त्या कामानेच आवर घातला. बुबुळांमधले अंतर मोजण्यासाठी त्यांच्या नाकावर पट्टी टेकवून मी इतक्या जवळून त्यांच्या डोळ्यांत पाहिले, तेव्हा ‘तुमचा चाहता आहे’ असे म्हणायला तोंड उघडणे हास्यास्पदच झाले असते.

प्रोग्रेसिव्ह रद्द करून लांबच्या नंबरात अर्ध्या नंबराची भर घातलेली साधी, एकाच नंबराची काच करायची असे ठरले. मंचावर हा चष्मा, वाचायला दुसरा. फ्रेम त्यांनी स्वस्तातली निवडली आणि चष्मा ठेवायच्या केसचे पैसे वेगळे का, असेही विचारले. केस मी तशीच दिली.

काही दिवसांनी ते दुकानावरून जाताना आत डोकावले. मी चष्म्याबद्दल विचारले.

“गवई उत्तम दिसतो,” ते म्हणाले. “पहिली रांगसुद्धा दिसते, त्यातले डुलक्या घेणारेही दिसतात. तिच्या मागचे तेवढे काही दिसत नाही; तो नंबर वाढवू नका.”