पट्टा 34 आणि संपलेली लाल लोकर

हायडेनहाइम या आमच्या जर्मन फुटबॉल संघाच्या मोसमाचा मफलर विणतेय, दर सामन्याला एक पट्टा. आणि शेवटचा पट्टा 34 जमला! पंधरा दिवस गेले, तीन प्रयत्न फसले आणि शेवटी कात्री हातात घ्यावी लागली. आज दुपारी मफलर खिडकीपाशी नेऊन उन्हात धरला. आधीच्या अठरा लाल पट्ट्यांमध्ये हा एकोणिसावा वेगळा ओळखू येत नाही.

मागच्या नोंदीत 31व्या पट्ट्याशी थांबले होते. तेव्हा रडगाणं बोंडांचं (गोल दाखवायला विणलेल्या फुगीर गाठींचं) होतं, आजूबाजूचे टाके ओढले जात होते. पाचाऐवजी तीन टाक्यांचं बोंड करायला लागले आणि तो प्रश्न मिटला. बाकी नियम तेच: गोल सुईवर 88 टाके, खेळाच्या दहा मिनिटांना एक फेरी, सामन्याच्या नऊ फेऱ्या. जिंकलो तर लाल, बरोबरी झाली तर पांढरा, हरलो तर निळा. दोन सामन्यांमध्ये एक राखाडी फेरी. आपल्या प्रत्येक गोलाला त्या मिनिटाच्या जागी पिवळं बोंड. आणि सामना संपल्याशिवाय रंग ठरवायचा नाही.

हा शेवटचा नियम 28 मे 2023 ला माझ्याकडून मोडला.

रेगेन्सबुर्गमधल्या शेवटच्या सामन्याचं तिकीट मिळालं नव्हतं, म्हणून हायडेनहाइमला घरीच टीव्हीसमोर बसले होते. आपण 64 गुणांवर, हांबुर्ग 63 वर, डार्मश्टाट आधीच दुसऱ्या लीगमधून पहिलीत गेलेलं. थेट बढतीची एकच जागा उरली होती. आणि रेगेन्सबुर्ग 2-0 ने पुढे, तिकडे झांडहाउझनमध्ये हांबुर्ग 1-0 ने पुढे. डोळ्यांसमोर 2020 आलं. बढतीच्या प्ले-ऑफमध्ये ब्रेमेनविरुद्ध 0-0 आणि 2-2, एकही सामना न हरता केवळ परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे या नियमाने दार बंद झालं होतं, तेही प्रेक्षक नसलेल्या स्टेडियमात. हात रिकामे ठेवणं सोसेना. सुई उचलली आणि निळी लोकर जोडली.

2-1 झालं तेव्हाही निळाच चालू होता. 93व्या मिनिटाला आपल्या बेस्टेने पेनल्टी मारली, 2-2. तेवढ्याने भागत नव्हतं, कारण बरोबरीने आपले 65 होणार आणि हांबुर्गचे 66. झांडहाउझनचा सामना संपला होता, हांबुर्गचे लोक मैदानात उतरून नाचत होते, माइकवरून त्यांचं अभिनंदनही झालं होतं. आणि 99व्या मिनिटाला आपला क्लाइनडीन्स्ट! 3-2! खालच्या रस्त्यावरून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले ते रात्री उशिरापर्यंत थांबले नाहीत. डार्मश्टाटचेही 67च गुण, पण गोल फरकावर विजेतेपद आपलं. माझ्या मांडीवर चार निळ्या फेऱ्या होत्या. सुई काढली आणि धागा ओढला. 352 टाके सर्रकन उसवले. इतक्या आनंदाने मी आजवर काही उसवलं नव्हतं.

आता लाल लोकर घ्यायला पिशवीत हात घातला, तर हातभर धागा उरलेला.

ऑगस्टमध्ये 50 ग्रॅमचे दोनच लाल गुंडे आणले होते, चौदा विजय धरून. गुंड्यात 125 मीटर, एका फेरीला साधारण 1.3 मीटर, म्हणजे एका लाल पट्ट्याला पावणेबारा मीटर. दोन्ही टोकांच्या लाल-निळ्या भागाला मिळून 78 मीटर. हिशेब चोख होता, विजय वाढले. 19 विजय, 10 बरोबरी, 5 पराभव. निळी लोकर मात्र शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी, दुकानं बंद. मंगळवारी दार उघडताच दुकानात हजर झाले. तीच लोकर, तोच रंग क्रमांक, फक्त लॉट (एका वेळी रंगवलेली खेप) वेगळा. दुकानाच्या दिव्याखाली तंतोतंत जुळला. घरी येऊन नऊ फेऱ्या विणल्या आणि सकाळी पाहिलं तर विटेचा रंग. शेजारचा 33वा पट्टा पांढरा किंवा निळा असता तर कदाचित चाललंही असतं असं वाटून घेत होते, पण मफलर गळ्यात घातला की घड्यांमुळे कुठलाही लाल कुठल्याही लालाशेजारी येतो. चालणार नव्हतं. लॉटची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, पण तो लॉट दुकानात संपला होता, आणखी दोन ठिकाणी विचारलं तिथेही नाही.

मग रंगवायचं ठरवलं. नवी लोकर पाण्यात व्हिनेगर घालून, लाल रंगाची चिमूट टाकून गरम केली. रंग चांगला चढला, जवळ जवळ बरोबर. पण नीट बसावा म्हणून मी ती उकळत्या पाण्यात ढवळत राहिले आणि लोकर आटून नमद्यासारखी झाली. मेरिनो मेंढीची लोकर रंगवायची असेल तर आच मंद ठेवा आणि पातेल्याला हात लावू नका. चमचा तर मुळीच घालू नका. तिसरा प्रयत्न: दुसरा भाग मंद आचेवर रंगवला आणि एक फेरी रंगवलेली, एक फेरी नवी, असं आलटून पालटून विणलं. लॉट जुळत नसेल तेव्हा स्वेटरमध्ये ही युक्ती खपते. इथे नऊच फेऱ्या असल्यामुळे पट्ट्यात पट्टे दिसायला लागले. तोही उसवला.

तिसरं आलेलं हांबुर्ग श्टुटगार्टकडून बढतीच्या प्ले-ऑफचे दोन्ही सामने हरलं, तेव्हाही माझ्या सुईवर राखाडी फेरीच होती.

उपाय सांगितला आईने. नाशिकहून व्हिडिओ कॉलवर मफलर दाखवत होते, तर म्हणाली, "अगं, जुना लाल तुझ्याकडे आहे की. खालच्या टोकात."

"ते तर सगळ्यात आधी विणलंय. तिथून कसं उसवणार?"

"कापायचं. तुझ्या स्वेटरच्या बाह्या मी दर वर्षी कशा वाढवायचे? मनगटापाशी एक टाका कापायचा, फेरी ओढून काढायची, मोकळे टाके सुईवर घ्यायचे आणि खाली विणत जायचं. आडवा कापलेला टाका धावत नाही गं, घाबरतेस काय!"

खालच्या टोकात 39 मीटर जुना लाल होता आणि मला हवे होते तेरा (दहा फेऱ्यांचे, कारण पुढे सांगते). शिवाय दोन्ही टोकं नव्या लॉटची झाली, तर ती एकमेकांशी जुळणार. दहा दिवस मी रंगाच्या मागे लागले होते आणि धागा माझ्याच मफलरात होता!

शनिवारी सकाळी बसले. आधी टोक संपून पट्टे सुरू होतात तिथल्या पहिल्या राखाडी फेरीतून 3 मिमीची बारीक गोल सुई ओवून घेतली, प्रत्येक टाक्याचा उजवा पाय उचलत. 88 भरले, पुन्हा मोजले. त्याच्या खालच्या निळ्या फेरीत (लाल वाया घालवायचा नव्हता) नखं कापायच्या कात्रीचं टोक एका टाक्याखाली सरकवलं आणि कापलं. काहीच झालं नाही. टाका तसाच बसून राहिला, कापलेली दोन टोकं फक्त थोडी वर आली. सुईच्या टोकाने धागा एकेका टाक्यातून बाहेर काढत गेले, डावीकडून उजवीकडे, पाऊण तास. शेवटचा टाका सुटला आणि ऑगस्टमध्ये विणलेलं टोक टोपीसारखं हातात आलं. वरच्या बाजूला 88 मोकळी वेटोळी सुईवर शांत बसलेली, एकही घसरलं नाही. ही सुई बांबूची होती. स्टीलची असती तर निम्मी घसरली असती. वेगाने विणायला स्टील ठीक आहे, पण मोकळे टाके धरायला बांबूसारखं काही नाही.

कापलेलं टोक वरून सरळ उसवतं. निघालेला धागा शेवयांसारखा वळलेला. तसाच विणला तर टाके वेडेवाकडे दिसतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी बांधली, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली आणि खाली स्टीलचा पेला लटकवून रात्रभर वाळत घातली. सकाळी धागा सरळ. मोजला तर 37 मीटर.

पट्टा 34 त्याच धाग्याचा झाला. आणि यात नऊ नाही, दहा फेऱ्या आहेत. आतापर्यंत जादा वेळेतले गोल मी नवव्या फेरीच्या शेवटी बसवत आले. या सामन्याला ते लागू करवेना, 99व्या मिनिटाला स्वतःची जागा हवी होती. 88 टाक्यांत दहा मिनिटं म्हणजे मिनिटाला जवळपास नऊ टाके. बेस्टेचं बोंड 26व्या टाक्यावर आलं आणि क्लाइनडीन्स्टचं 79व्यावर. मोसमातलं 67वं बोंड. गुणही 67 आणि गोलही 67, हे मला बोंडं मोजताना पहिल्यांदा लक्षात आलं.

मफलर नळीसारखा असल्याने 44 टाके पुढे आणि 44 मागे जातात. म्हणजे 2-2 पुढे दिसतं आणि बढतीचा गोल पाठीवर. जागा बदलावी का, असा दोन दिवस विचार केला. बदलणार नाही. आपल्या स्टेडियमात, फोइट-अरेनात, माझ्या मागच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना तो दिसेल. 555 मीटर उंचीवरचं मैदान आहे, एप्रिलमध्येही मफलर काढवत नाही.

ठरलं होतं की आता नव्या लाल लॉटने दोन्ही टोकं विणायची आणि झालं. पण जुना लाल 24 मीटर उरलाय आणि हे लिहिता लिहिताच सुचलं. फ्रांक श्मिट 2007 पासून आपला प्रशिक्षक आहे, म्हणजे हा त्याचा सोळावा मोसम. 2009 ला तिसरी लीग, 2014 ला दुसरी, आता पहिली. प्रत्येक टोकाला आठ, असे सोळा गोंडे, एका गोंड्याला दीड मीटर. 24 मीटर बरोबर पुरतात. 

पुढच्या मोसमालाही 34च सामने, पण समोर बायर्न आणि डॉर्टमुंडसारखे बलाढ्य संघ. तरी लाल गुंडे चार घेणार, एकाच लॉटचे. पांढरा मात्र या वेळी इथल्या आल्बच्या टेकड्यांवर चरणाऱ्या मेंढ्यांचा, न रंगवलेला घ्यायचा विचार आहे. तो थोडा टोचतो, म्हणून आधी एक नमुना विणून, धुऊन, गळ्याशी धरून बघते. या लोकरीवर कोणी बोंडं केली असतील तर सांगा, तीन टाक्यांची बसतात की चार लागतात?

आज रात्री खालचे 88 टाके 3 मिमीवरून 4 मिमीच्या सुईवर घेऊन टोक सुरू करते. आईला कॉल लावलाय, पहिली फेरी तिच्यासमोर.