मार्कर बघायचाय? मग आधी बायोप्सीचा तुकडा सांभाळा

गुटखा-तंबाखूने होणारा आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गालफडात आणि खालच्या हिरडीलगत असतो. तो पसरला किंवा ऑपरेशननंतर परत आला की मार्करचा, म्हणजे औषध निवडायला गाठीत तपासायच्या खुणांचा, विषय निघतो. रोजच्या उपचारात औषध ठरवायला खरा उपयोग होतो तो पीडी-एल१ या मार्करचा (प्रतिकारशक्तीला रोखणारं, पेशींवरचं प्रथिन). ईजीएफआर हे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन बहुतेक गाठींत वाढलेलंच असतं, त्यामुळे त्याला अडवणारं सेटुक्सिमॅब किंवा निमोटुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही हे त्या तपासणीवरून ठरत नाही. पी१६ ही एचपीव्ही विषाणूची खूण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये कामाची. गालाच्या गाठीत तिच्यावर पैसे घालवू नका. टीपी५३ या जनुकातला बिघाड सगळ्यात जास्त सापडतो, पण त्यावर आपल्याकडे अजून औषध नाही.

पीडी-एल१ चा आकडा सीपीएसमध्ये (कंबाइन्ड पॉझिटिव्ह स्कोअर) येतो. समजा २०० जिवंत कॅन्सरपेशी मोजल्या. त्यांतल्या ३० पीडी-एल१ च्या रंगाने रंगल्या आणि आजूबाजूच्या २० लिम्फोसाइट-मॅक्रोफेज (प्रतिकार करणाऱ्या पेशी) ही रंगल्या, तर ५० भागिले २०० गुणिले १००, म्हणजे सीपीएस २५. सीपीएस १ किंवा जास्त असेल तर केमोशिवाय नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देता येतं. ते परवडत नसेल तर कमी डोसच्या निवोलुमॅब या त्याच प्रकारच्या औषधाबद्दल विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या २०२२ च्या अभ्यासात तोंडाने घ्यायच्या औषधांना दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबच्या फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिली, तर वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्के झाले. आपल्या भागातल्या घरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

तपासणी फसते ती तुकड्यापाशी. जखमेच्या मधला सडका भाग घेतला तर १०० जिवंत कॅन्सरपेशीही मिळत नाहीत आणि तपासणी बाद होते. तुकडा कडेचा, खोलवरचा हवा. सलाईनमध्ये ठेवू नका. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट, ६ ते ७२ तास. लातूरहून शनिवारी पाठवलेली बाटली सुट्टीत पडून राहिली की ही मुदत सहज उलटते. जबड्याचं हाड मऊ करायला तीव्र ॲसिड वापरलं तर डीएनए खराब होतो, म्हणून हाडाबाहेरच्या गाठीचा वेगळा ब्लॉक करून घ्या.

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. मुंबईला जाताना नुसती रिपोर्टची फाईल नेऊ नका, लॅबमधून मेणाचा ब्लॉकही (तुकडा मेणात बसवून जपलेली वडी) मागून घ्या. त्या ब्लॉकमधून स्लाईड आधीच कापून ठेवायला सांगू नका. महिनोन्महिने पडून राहिल्या की पीडी-एल१ चा रंग फिका येतो.