आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचा खर्च कमी केला, त्याची हकिकत

आमचं वाचनालय हा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. पगारी माणूस एकही नाही. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी मासिकं स्कॅन करून वेबसाइटवर ठेवायचं काम माझ्याकडे आहे.

होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा, पहिल्या वर्षी सवलतीत मिळालं होतं. नूतनीकरणाचं बिल मात्र मूळ दराने आलं, वर १८ टक्के जीएसटी. सभेत कोषाध्यक्ष काकांनी विचारलं, "एवढ्या पैशात किती पुस्तकं आली असती?" प्रश्न रास्त होता. मी बिलातली एकेक ओळ तपासायला घेतली.

सगळ्यात जड होती ती साठवणुकीची जागा. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की मूळ फाइल साधारण २५ एमबीची होते. शंभर पानी अंक म्हणजे अडीच जीबी! हे सगळं भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचं कारणच नव्हतं. इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६पासूनची ना-नफा संस्था अशा फाइली विनामूल्य ठेवते. अंक तिथे चढवले, वेबसाइटवर फक्त दुवे दिले. मूळ फाइलींच्या दोन हार्ड डिस्क केल्या, एक वाचनालयाच्या कपाटात, दुसरी एका विश्वस्तांच्या घरी. वाचक आणि वेबसाइट यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे लागत होते. 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि आपोआप नवं होत राहतं. ईमेलसाठी गूगलच्या ना-नफा संस्थांच्या योजनेत अर्ज केला, धर्मादाय संस्थांना आयकर कायद्याखाली मिळणारी १२ए आणि ८०जीची प्रमाणपत्रं जोडली.

खरी दमछाक झाली ती डोमेनपायी, म्हणजे वेबसाइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्यापायी. ते एका जुन्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलेलं होतं आणि तो ईमेल त्याने कधीच सोडून दिला होता. पत्ते शोधत त्याला गाठलं, विक्रेत्या कंपनीला न्यासाचं नोंदणीपत्र आणि पॅन पाठवलं, तेव्हा कुठे डोमेन न्यासाच्या नावावर झालं. छोट्या संस्थांनी आधी हेच तपासावं. होस्टिंग केव्हाही बदलता येतं, पण डोमेन हातचं गेलं तर वाचकांकडचा पत्ताच जातो.

आमचं डोमेन .ऑर्गचं आहे. विक्रेत्या कंपन्यांना पडणाऱ्या त्याच्या घाऊक दरात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नसे. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१९मध्ये ही मर्यादा काढून टाकली. त्याच वर्षी .ऑर्ग चालवणारी संस्था ११३ कोटी ५० लाख डॉलरना एका गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरलं. जगभरच्या स्वयंसेवी संस्थांनी विरोध केला आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने विक्रीला परवानगी नाकारली. दराची मर्यादा मात्र परत आलेली नाही. म्हणून पुढच्या पाच वर्षांचे पैसे न्यासाच्या खात्यातून एकदम भरायचा ठराव आम्ही केला. पावतीवर आता न्यासाचं नाव आहे.