दोन फुटांवरच्या चार मेणबत्त्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर गॅदरिंग, सहली, मधल्या सुट्टीतले डबे सगळं आठवलं. पण त्यावर माझ्या वर्गमैत्रिणी माझ्यापेक्षा छान लिहितील. मला लिहायचंय ते नववीतल्या विज्ञानाच्या एका तासाबद्दल. आज मी सुपरनोव्हांवर, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांवर काम करते, त्याचा पाया त्या तासाला घातला गेला.

प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे पडदे लावून सरांनी टेबलावर एक पांढरा कागद उभा केला. त्यावर खोबरेल तेलाचा ठिपका. एका बाजूला एक फुटावर एक मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला दोन फुटांवर एक. ठिपका स्पष्ट दिसत होता. लांबच्या बाजूला सरांनी दुसरी मेणबत्ती पेटवली, मग तिसरी. चौथी पेटली, दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला आणि ठिपका कागदात विरून गेला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सर म्हणाले, "अंतर मोजायला तिथवर जावं लागत नाही. मेणबत्ती किती तेजाची, एवढं ठाऊक हवं."

ते ठाऊक करून घेणं हेच आमचं काम. श्वेतबटू तारा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढत सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापर्यंत पोहोचला, की अख्खाच्या अख्खा स्फोटात उडतो. (दोन श्वेतबटू एकमेकांवर आदळूनही असे स्फोट होत असावेत.) या मर्यादेचं गणित १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या १९ वर्षांच्या चंद्रशेखर यांनी प्रवासातच मांडायला घेतलं, याचा मला आजही फार अभिमान वाटतो. असा 'वन-ए' सुपरनोव्हा ऐन भरात सुमारे ५ अब्ज सूर्यांइतका तळपतो, म्हणून अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही दिसतो.

मात्र सगळे सारखे तळपत नाहीत. जो सावकाश मंदावतो तो मुळात अधिक तेजस्वी असतो, हे मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं. कमाल तेजानंतरच्या १५ दिवसांत तो किती मंदावला हे मोजलं, की मूळ तेज हाती येतं. माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर काम हेच. त्याच्याच जोरावर १९९८ मध्ये दोन गटांना दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अधिक लांब आढळले. विश्वाचं प्रसरण वेग घेत होतं! पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं ते यासाठी.

धुळीचं भान मात्र सतत ठेवावं लागतं. २०१४ च्या जानेवारीत लंडन विद्यापीठाच्या वेधशाळेत विद्यार्थ्यांना शिकवताना एम८२ दीर्घिकेत एक सुपरनोव्हा सापडला. लडाखमधल्या हानले इथल्या दुर्बिणीनेही त्याचे वेध घेतले. अंतर जेमतेम १.२ कोटी प्रकाशवर्षं, पण मधल्या धुळीमुळे तो लालसर आणि मंद दिसत होता. धूळ हिशेबात धरली नसती, तर अंतर कितीतरी जास्त आलं असतं.

सेफिड तारे (ठरावीक लयीत उजळणारे-मंदावणारे, लयीवरून मूळ तेज कळणारे तारे) आणि सुपरनोव्हा यांच्या आधारे विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर काढला, तर तो मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून काढला, तर ६७ च्या आसपास. चूक मोजमापात आहे की विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीत, यावर सध्या आमच्याकडे रोज वाद होतात. मला वाटतं, मोजमापं बरोबर आहेत.