रिसेसमध्ये कॉम्प्रेसर कोणासाठी चालतो?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लहान मशीन शॉपमध्ये वीज वाचवायचा विषय निघाला की पहिलं बोट ट्यूबलाइटकडे जातं. एलईडी जरूर बसवा. पण मागच्या शेडमध्ये मशिनांना दाबाची हवा पुरवणारा 30 हॉर्सपॉवरचा स्क्रू कॉम्प्रेसर फुसफुसत असेल, तर त्याच्यापुढे ट्यूबलाइट म्हणजे चिल्लर.

रिसेसमध्ये सगळी मशिनं बंद झाली की कॉम्प्रेसरपाशी जाऊन ऐका. हवा कोणीच वापरत नाही, तरी थोड्या थोड्या वेळानं तो लोड घेतो, म्हणजे हवा दाबायला लागतो; मधल्या वेळात अनलोडवर नुसता फिरतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. लोडवर किती सेकंद, अनलोडवर किती, अशा चार-पाच फेऱ्या लिहून सरासरी काढा. लोडचे सेकंद भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले 100: ही झाली गळतीची टक्केवारी. 40 सेकंद लोड आणि 80 अनलोड आले तर 33 टक्के. म्हणजे 120 सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा देणाऱ्या) मशीनमधली 40 सीएफएम हवा नुसतीच उडून जातेय. लाइन नीट सांभाळली तर हा आकडा 10च्या आत राहतो.

पुढच्या हिशेबात बरेच जण फसतात. 30 हॉर्सपॉवर म्हणजे 22 किलोवॉट, त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे 7 वाचले, असं धरतात. पण स्क्रू मशीन अनलोडवरही फुल लोडच्या 25-30 टक्के वीज खातं, त्यामुळे सगळी गळती थांबली तरी पदरात पडतात 5च. तेही कमी नाहीत. दिवसाचे 10 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 15,000 युनिट. युनिटला 8 रुपयांनी 1,20,000 रुपये.

गळती शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. जाड जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) लाइनीत फारसं काही सापडत नाही. खरी गंमत मशीनजवळच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये असते. क्विक कपलरचा झिजलेला वॉशर, एफआरएलचा (हवा गाळून, दाब ठरवून तेल देणाऱ्या युनिटचा) बाउल, एअर गनचा ट्रिगर. आणि सगळ्यात जास्त वेळा पीयू (पॉलियुरेथेनचा लवचीक) पाइप. कटर हाताशी नसला की पाइप पक्कडीनं तोडतात, टोक तिरकं राहतं, आणि पाइप नुसता खोचायच्या पुश फिटिंगमधली रबरी ओ-रिंग एका बाजूनं त्याला धरतच नाही. मग फिटिंगला दोष देऊन नवी आणतात. आधी व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडा, टोक सेंटीमीटरभर सरळ कापा आणि आत ठेच लागेपर्यंत खोचा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. आट्यांच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप आवळायच्या दिशेनंच गुंडाळा, नाहीतर फिरवताना उलगडते. पहिला आटा मोकळा सोडा. टेपचा तुकडा आत गेला की हवा सोडणारा-अडवणारा विजेवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकतो.

पावसाळ्यात टाकीत पाणी जास्त साठतं, म्हणून ड्रेन कॉक किंचित उघडा ठेवून देतात. पाणी मिनिटाभरात संपतं, हवा दिवसभर जाते. टायमरवाला ऑटो ड्रेन लावा आणि उघडायचा वेळ काही सेकंदांचाच ठेवा. टायमर नसेल तर पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी कॉक हातानं उघडून पाणी काढा.

मग प्रेशर. ऑपरेटर म्हणतो, ‘हवा ओछी आवे छे’ (हवा कमी येते), आणि कोणीतरी सेटिंग 7 बारवरून 8वर नेऊन ठेवतं. त्या एका बारपायी वीज 6-7 टक्के जास्त लागते, शिवाय आहेत त्याच भोकांतून गळतीही वाढते. आधी त्या मशीनच्या एफआरएलचा फिल्टर उघडून बघा. तुंबलेला असला तर मागून कितीही प्रेशर द्या, पुढे पोचणार नाही. गळती काढून झाली की सेटिंग 0.2 बारनं उतरवा, दोन दिवस चालू द्या, कुठे अलार्म येत नसेल तर अजून 0.2. बहुतेक न्युमॅटिक (हवेवर चालणारे) सिलिंडर 6 बारवर सुखानं चालतात.

राहिली कॉम्प्रेसरची खोली. आत ओढायची हवा 4 अंशांनी तापली की वीज साधारण 1 टक्का वाढते. वडोदऱ्यात मे महिन्यात बाहेरच 42 अंश; त्यात मशीननं सोडलेली गरम हवा पत्र्याखाली घुटमळून परत त्याच्याच तोंडात जाते. कॉम्प्रेसरच्या कूलरची गरम हवा पत्र्याच्या डक्टनं बाहेर काढा. डक्ट लांब असेल तर त्यात एक्झॉस्ट फॅन बसवा, नाहीतर मशीन हाय टेंपरेचरवर ट्रिप होईल. आणि हवा आत येते त्या जाळीसमोर रचलेले पॅकिंगचे खोके आजच हलवा.