अठरावरून सोळावर

गाडी जुनी घेतली होती. आधीच्या मालकाला हौस दांडगी; त्याने अठरा इंची अलॉय रिम्स (मिश्रधातूच्या) बसवून घेतल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही त्या बघूनच व्यवहार पक्का केला. टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर झाली, त्यामुळे काही कळलं नाही. पहिल्याच लांबच्या प्रवासात मात्र पुलाचा एकेक सांधा मणक्यात मोजता आला. मागे बसलेली आई दर अर्ध्या तासाने विचारायची, "अजून किती राहिलं रे?"

मला वाटलं, शॉकअॅब्सॉर्बर गेले असणार. मागचे दोन्ही बदलले, पुढचे बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) बदलले. गाडी थोडी कमी डोलू लागली, पण धक्के तसेच. टायरवर संशयच गेला नाही, कारण टायर जवळजवळ नवे होते.

मग एका खड्ड्यात मागचं डावं चाक जोरात आपटलं आणि टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायर चेपला की साइडवॉलमधले, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीतले धागे तुटतात आणि तिथे हवा रबर बाहेर ढकलते. अशा टायरवर पुढे जाणं म्हणजे केव्हाही फुटण्याची तयारी. डिकीतून स्टेपनी काढली, तर ती सोळा इंचाची, साध्या लोखंडी रिमवरची. कंपनीची मूळची. ती लावून हळूहळू घरी आलो. आई नेहमीप्रमाणे मागे डावीकडे, म्हणजे बरोबर त्याच चाकावर. उतरताना म्हणाली, "आज बरं वाटलं बाई. काय केलंस?"

काहीच केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन दोन्ही चाकांपाशी बसलो.

टायरवरचे आकडे मी तोवर कधी नीट वाचले नव्हते. २२५/४० आर १८ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची. ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर. स्टेपनी होती २०५/५५ आर १६. तिची साइडवॉल ११३ मिलिमीटरच्या आसपास. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये २३ मिलिमीटर जास्त टायर, म्हणजे दबायला तेवढी जास्त जागा. आणि चाकाचा एकूण व्यास? अठराचा ६३७, सोळाचा ६३२. एक टक्कासुद्धा फरक नाही, म्हणून स्पीडोमीटरही बिघडत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचं स्टिकर असतं. त्यावर दोनच साइज होत्या, ही सोळाची आणि २२५/४५ आर १७. अठराचा उल्लेखच नव्हता.

एवढं कळल्यावर माणूस थांबत नाही. सोळाने बरं वाटतं, तर पंधराने आणखी बरं वाटेल! १९५/६५ आर १५ चा व्यासही जवळपास तेवढाच येतो, ६३४, आणि साइडवॉल १२७. टायरवाल्याने काही न बोलता एक पंधराची रिम पुढच्या चाकाच्या जागी धरली. ब्रेकचा कॅलिपर आतून टेकला. विषय संपला. मग मी २०५/६० आर १६ चा हट्ट धरला. त्याचा व्यास ६५२, म्हणजे सव्वातीन टक्के जास्त: मीटर पूर्वीइतकाच वेग दाखवणार, गाडी प्रत्यक्षात जास्त पळणार, शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासायची भीती. तोही नाद सोडला.

रिम्स याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटवरून उतरवलेल्या मिळाल्या. हे सोयीचं झालं, कारण नुसती बोल्टची भोकं जुळून भागत नाही. मधलं भोक हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक चढतं त्यावर) घट्ट बसावं लागतं आणि ऑफसेटही, म्हणजे चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं तेही, तोच लागतो, नाहीतर चाक आत घासतं किंवा बाहेर येतं. चारपैकी एक रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवल्यावर डोलताना दिसली. नुसत्या डोळ्यांना ती सरळच वाटत होती. ती परत केली.

टायर घेताना लोड इंडेक्स ९१ पाहिला (एका टायरला ६१५ किलो), स्पीड रेटिंग (टायरला झेपणारा कमाल वेग) व्ही, आणि कडेवरचे शेवटचे चार आकडे, म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. दुकानदार एक्सएल (जास्त वजन पेलणारा प्रकार) घ्या म्हणत होता, 'मजबूत' म्हणून. त्याची साइडवॉल सहसा जास्त कडक असते आणि वजन पेलायला माझ्या गाडीला त्याची गरज नव्हती. साधा टूरिंग प्रकार घेतला.

एक मोह उरलाच होता: हवा थोडी कमी ठेवू, आणखी मऊ लागेल. हायवेवर हे करू नये. कमी हवेचा टायर सतत जास्त वाकतो, वाकून तापतो, आणि तापलेला टायर वेगात दगा देतो. स्टिकरवर लिहिलेली हवा, तीही टायर गार असताना. उलट आधी प्रवासाच्या मधेच, गरम टायरमध्ये हवा मोजून ती कमी करायची सवय होती, ती मोडली.

फरक? पुलाचे सांधे अजून ऐकू येतात, पण बसत नाहीत. सिमेंटच्या रस्त्याची घरघर थोडीच कमी झाली. वळणावर गाडी आधीपेक्षा किंचित उशिरा वळते. पहिले दोन दिवस ते खटकलं. आणि चाकं कमानीत लहान दिसतात, हे मान्य.

अठराच्या रिम्स विकायला काढल्या. बघायला आलेल्या मुलाने विचारलं, "काका, का काढल्या?" मी सगळं सांगितलं, साइडवॉलच्या आकड्यांसकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि चारही रिम्स घेऊन गेला.