केळीचं पान: वही क्रमांक ३८

चैत्रात उघडलेली वही काल भरली. अडतीस वह्यांत पहिल्यांदाच असं झालं, की अख्खी वही एकाच गोष्टीला लागली: केळीच्या पानातून आरपार येणारं ऊन. वर्षाची नोंद लिहायला बसले, तर मागचंही थोडं सांगावं लागतंय. या हिरव्याच्या मागे मी लहानपणापासून आहे.

माहेर रावेर तालुक्यातलं. दाराबाहेर पाऊल टाकलं की केळीच. श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी आजी सगळं घर पोतारून घ्यायची आणि ओसरीच्या पांढऱ्या भिंतीचा एक तुकडा माझ्यासाठी सोडायची. मी सात-आठ वर्षांची असेन. गेरूने घड काढला, वालाची पानं चुरगाळून त्यांचा रस भिंतीला चोळला आणि केळीची पानं केली. पहिले काही दिवस येणारा-जाणारा थांबून बघायचा. दिवाळीपर्यंत तीच पानं तपकिरी झाली. मी रडले. आजी म्हणाली, "पान वाळतं व माय, भिंतीवरचंबी वाळलं." पानाच्या रसातला हिरवा उजेडात टिकत नाही, हे मला पुस्तकाच्या कितीतरी आधी त्या भिंतीने शिकवलं.

१९७५ साली एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसले. स्मरणचित्रात मी बागेतली तोडणी काढली आणि पानांना कॅमलच्या पेटीतल्या हिरव्या वडीचा रंग जसाच्या तसा दिला. ग्रेड चांगली मिळाली. पण घरी येऊन बागेकडे पाहिलं तेव्हा तो हिरवा तिथे कुठेच नव्हता. बागेत उभं राहून डोक्यावरचं पान पाहिलं तर ते जवळजवळ पिवळं, बांधावरून तेच पान पाहिलं तर निळसर राखाडी. माझ्या चित्रात मात्र सगळीकडे एकच रंग. तेव्हा हे कुणाला विचारायचं तेही कळत नव्हतं.

पुढे डी.एड., जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी, लग्न, भुसावळ, दोन मुलं. वह्या चालूच राहिल्या, लहान आकाराच्या. रेल्वे फाटकावर गाडी जाईपर्यंत जे दिसेल ते. त्या वर्षांचं जास्त सांगण्यासारखं नाही. हात चालू राहिला एवढंच. एक चूक मात्र सांगते, म्हणजे तुमची चित्रं वाचतील. २००३ साली काढलेली कण्हेरीची चार चित्रं मी बैठकीत पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली. सहा वर्षांत फुलं फिकी पडून मळक्या कागदासारखी झाली. मी ॲलिझरिन क्रिमझन वापरला होता, म्हणजे रंगद्रव्य क्रमांक पीआर ८३. हा रंग उजेडात उडतो. तेव्हापासून ट्यूबवरचं रंगाचं नाव नंतर, रंगद्रव्याचा क्रमांक आधी वाचते. तुम्हीही वाचा. नाव कंपनी ठरवते, क्रमांकामागचं द्रव्य बदलत नाही.

२००९ साली म्हैसूरला जगन्मोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं स्त्री आणि दिव्याचं चित्र पाहिलं. १९४५-४६ चं जलरंग. मुलीला समोर उभं करून केलेलं. सगळे चेहऱ्यावरचा उजेड बघतात. मी त्या हाताच्या बोटांपाशी अडकले. दिव्यावर धरलेला हात आतून पेटल्यासारखा दिसतो. तिथे उजेड कातडीवर पडत नाही, कातडीतून येतो. मला माझं केळीचं पान आठवलं. पानावर पडलेलं ऊन आणि पानातून आलेलं ऊन हे दोन वेगळे विषय आहेत, हे त्या दालनात उभ्या उभ्या लख्ख समजलं. समजलं खरं, पण ते हातात उतरायला आणखी पंधरा वर्षं गेली.

आता या वर्षीचं.

चैत्र-वैशाखात भावाच्या मृगबागेत, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीत, बसत होते. घड भरले होते, बागेत आत शिरलं की बाहेरच्यापेक्षा गार. तरी कागद टिकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, अर्ध्या पानापर्यंत न्यायच्या आत मागची कड वाळून पक्की रेघ उमटते. यावर मी करते ते असं: ३०० जीएसएमचा जाड सुती कागद दोन्ही बाजूंनी पूर्ण भिजवायचा, ॲक्रिलिकच्या पाटीवर ओला फडका अंथरून त्यावर ठेवायचा, रंगाच्या पाण्यात ग्लिसरिनचा एखादाच थेंब. थेंब जास्त झाला तर चित्र दिवसभर चिकट राहतं आणि बागेतली चिलटं त्यावर बसतात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ, बस. त्यानंतर पेन्सिलच.

मे अखेरपर्यंत अकरा चित्रं झाली. अकराही पानं ट्यूबमधल्या हिरव्यापेक्षा बरी, पण उन्हाची नव्हेत. मी अल्ट्रामरीन आणि लेमन यलो पाटीवर मिसळून हिरवा करत होते आणि त्यात पाणी घालून फिका करत होते. फिका हिरवा आणि उजळ हिरवा एक नाही. पाण्याने रंग फक्त पातळ होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं. संध्याकाळची वीस-पंचवीस मिनिटं. शेवरीची कुंपणं होती त्या बाजूच्या चार ओळी उभ्या राहिल्या, बाकी बाग आडवी. तोडणीला आठ-दहा दिवस बाकी असलेले घड चिखलात. भाऊ बांधावर उकिडवा बसला होता, वहिनीने चहा आणला तो तसाच गार झाला. मी दोन आठवडे वही उघडली नाही. ज्यांच्या घरी केळी आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

उघडली ती भावामुळे. त्याने मोडलेली खोडं कापून पिलबाग धरायची, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या पिलांवरच पुढचं पीक घ्यायचं ठरवलं आणि मला म्हणाला, "ताई, पील बघ एकदा, पोंगा आलाय." कापलेल्या खोडाशेजारच्या पिलातून नवं पान सुरळी होऊन वर आलं होतं, टोकाला उलगडू लागलेलं. मी गुडघे टेकून त्याच्या खाली डोकं नेलं आणि वर पाहिलं. सुरळी जिथे दुहेरी होती तिथे गडद, जिथे एकेरी झाली होती तिथे नुसतं पिवळं. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक समांतर शिरा, वहीच्या रेघांसारख्या. आणि शेजारच्या जुन्या पानाची सावली त्या नव्या पानाच्या वरच्या अंगावर पडली होती, ती मला खालून दिसत होती, कात्रीने कापल्यासारख्या धारदार कडेची.

ती कड बघून मला कामाचा क्रम सुचला. ऊन आधी, हिरवा नंतर. सगळ्या पानाला आधी शुद्ध लेमन यलोचा, पीवाय ३ चा, भरपूर पाण्याचा वॉश. फक्त मधली शीर कोरी. तो पूर्ण वाळू द्यायचा, हात लावून गार लागला तर अजून ओला आहे असं समजायचं. मग त्यावर अल्ट्रामरीनमध्ये तोच पिवळा किंचित मिसळून दुसरा पातळ थर, पण फक्त जिथे पान दुहेरी आहे किंवा वर सावली पडलीय तिथे. उरलेली जागा पिवळीच सोडायची, हात कितीही शिवशिवला तरी. सावलीची कड ओल्यात ओली करायची नाही, कोरड्यावर एका दमात ओढायची. शिरांसाठी चपटा ब्रश ओला करून पिळायचा आणि त्याच्या धारेने रंग उचलायचा. मग डोळ्याला ते सगळं पान हिरवं दिसतं आणि पिवळी जागा उन्हाची होते.

पावसाळ्यात बागेत जाणं कमी झालं. मध्ये चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरातला संग्रह पुन्हा पाहिला. वर्षानुवर्षं त्या घराबाहेर न पडता त्यांनी टेबलावर छोटे देखावे मांडून त्यांचे फोटो काढले, त्यांत दिवा कुठे ठेवला असेल हे शोधत मी प्रत्येक फोटोपुढे उभी राहिले. खान्देशात राहणाऱ्या प्रत्येक चित्रकाराने ते घर एकदा तरी बघायला हवं. घरी येऊन मीही टेबल मांडलं. पानाचा हातभर तुकडा दोन पुस्तकांमध्ये उभा केला, मागे टेबललॅम्प, समोर खिडकीचा ढगाळ उजेड. लॅम्प चालू केला की पान पिवळं, बंद केला की निळसर. आषाढ-श्रावणात याच टेबलावर एकोणीस अभ्यास झाले. दमट हवेत पॅनमधल्या रंगाला बुरशी धरत होती. लवंग तेलाचा एक थेंब पुरला.

या अभ्यासांत अडचण उरली ती निळसर बाजूची. केळीच्या पानाच्या वरच्या अंगावर मेणासारखा लेप असतो, त्यात आभाळ उतरतं. अल्ट्रामरीन पातळ करून लावला तर पान निळं होई, बर्न्ट सिएना घालून मारला तर धुळकट. मला मुळातच दबलेला, कमी जोराचा हिरवा हवा होता.

तो विहिरीत सापडला. जामनेर तालुक्यात नणंदेच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं. उपसून टाकलेल्या काळ्या दगडांत लहान लहान पोकळ्या आणि त्यांना आतून निळसर हिरवा लेप. पाहताक्षणी शाळेची अजिंठ्याची सहल आठवली. १९७७ साल असावं. पहिल्या लेण्याच्या दारात एकाने पांढरा पत्रा धरून ऊन आत फेकलं आणि पद्मपाणीच्या मागची झाडी अंधारातून वर आली. दीड हजार वर्षांची पानं, अजून हिरवी. माझी भिंतीवरची पानं तीन महिन्यांत गेली होती. अजिंठ्याचा निळा लाजवर्दाचा, तो अफगाणिस्तानातून आला. हिरवा मात्र हिरव्या मातीचा, म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत असतो तसल्या खनिजाचा. सेलाडोनाइट त्याचं नाव. माती असल्यामुळे तो उजेडाला भीत नाही.

नणंदेने गोणीभर दगड दिले. तोंडाला फडकं बांधून, धूळ छातीत जाऊ न देता, चाकूने लेप खरवडला. चिनी मातीच्या खलात कुटून पाण्यात ढवळायचं, मिनिटभर थांबायचं, जड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाडग्यात ओतायचं आणि रात्रभर नितरू द्यायचं. असं तीनदा. दोन दिवसांच्या खटाटोपात जेमतेम दोन चमचे रंग मिळाला. बाभळीचा डिंक, थोडा मध, लवंग तेलाचा थेंब घालून तो काचेवर घोटला. पहिल्या खेपेला डिंक कमी पडला, वाळल्यावर रंग बोटाला लागत होता. दुसऱ्या खेपेला जमला.

हा रंग फार अशक्त आहे. दोन हात मारले तरी कागद दिसत राहतो, आणि किंचित दाणेदार बसतो. गडद काहीच करता येत नाही त्याने. पण पिवळ्या वॉशशेजारी पानाच्या वरच्या अंगाला तो लावला आणि आभाळ त्यात आपोआप आलं. त्या रात्री मी ते चित्र तीन वेळा उठून पाहिलं.

कार्तिकात पिलबाग माझ्या डोक्यावर गेली होती. काल शेवटच्या पानावर एक मोठं पान काढलं, वाऱ्याने फाटून सात पट्ट्या झालेलं. चार पट्ट्या उन्हाच्या, तीन आभाळाच्या. चार पट्ट्या लेमन यलोवर, तीन जामनेरच्या दगडाच्या. मधली शीर कोरा कागद. पाऊण तास लागला.

पुढच्या वहीसाठी अजून थोडा रंग नितरत ठेवला आहे. ती कांदेबागेत, म्हणजे पावसाळा संपताना लावलेल्या केळीत, सुरू होईल, आणि त्यात घड घेणार आहे. केळफुलाचा जांभळा अजून एकदाही मनासारखा आलेला नाही. कुणी क्विनाक्रिडोन या रंगद्रव्याचे जांभळे वापरून पाहिले असतील तर मला सांगा.

संध्याकाळी ती वही भावाला दाखवली. तो चित्रांबद्दल फारसं बोलत नाही. त्याने शेवटचं पान उजेडाकडे धरलं, जरा तिरकं केलं आणि म्हणाला, "हे पूर्वेच्या बांधाचं. साडेआठ वाजले असतील." मी चित्राच्या मागे वेळ लिहून ठेवते. तिथे आठ चाळीस होतं.